एक जोडी बांधून द्या

मासळी बाजारात मराठी माणसाइतका संशयी प्राणी दुसरा नाही. कल्ला उचलून आतला लाल रंग बघेल, पोटावर बोट दाबेल, डोळे बसलेत का ते तपासेल, "कालची दिसतेय गं" असं कोळणीला तोंडावर सांगेल आणि तिनं चार शब्द सुनावले की समाधानानं पिशवी पुढे करेल. हाच माणूस पाळायचे मासे घ्यायला गेला की पार भोळा होतो. काचेच्या टाक्यांपुढे उभा राहतो, एका चमकत्या शेपटीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "ह्याची एक जोडी द्या."

ह्याची जोडी, त्याची जोडी, तळाशी बसलेल्या त्या मिशीवाल्याची जोडी. दुकानदारानं भावही जोडीनंच लावलेले असतात, त्यामुळे शंकेला जागा नाही. आपल्याकडे समया जोडीनं घेतात, पाटल्या जोडीनं करतात, अधिक महिन्यात मेहुण जेवायला बोलावतात. मासा तेवढा एकटा न्यायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. आमच्या घरी बरीच वर्षं टाकी आहे आणि ती बऱ्यापैकी जिवंत आहे, एवढ्या भांडवलावर सोसायटीतले लोक मला ह्या खरेदीला सोबत नेतात, मुलगी बघायला जाताना एखादा जाणता मामा न्यावा तसे. मामानं अशा वेळी पोहे खाऊन गप्प बसायचं असतं. माझ्याच्यानं ते होत नाही, म्हणून स्टेशनजवळचा दुकानदार मला लांबून पाहिलं तरी जाळी शोधायचं निमित्त करून आत जातो.

मध्यंतरी तळमजल्यावरचे काका-काकू आणि त्यांची नात असं सगळं मंडळ निघालं. दोन फुटी टाकी आधीच घेऊन झाली होती. पन्नासेक लिटर पाणी मावेल एवढी. त्यात कोणाकोणाला राहायला बोलवायचं, याबद्दल घरात तीन पक्ष होते आणि मला निवडणूक निरीक्षक म्हणून नेलं होतं.

आता जोडी म्हटलं की नर-मादी आलं. पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक माशांची अजून मिसरूडसुद्धा फुटलेली नसते. नर कुठला नि मादी कुठली हे त्यांना स्वतःलाही ठाऊक असेल की नाही कोण जाणे. एंजलफिशमध्ये तर अंडी घालायची वेळ येईपर्यंत भल्याभल्यांना ओळखता येत नाही. दुकानदाराला मात्र येतं. तो जाळी मारतो, आलेले दोन पिशवीत टाकतो आणि सांगतो, "हा मेल, ही फीमेल." लिंगनिदानबंदीचा कायदा माणसांपुरताच आहे हे त्याचं नशीब. एंजलफिशची पैदास करणारे लोक सहसा जोडी विकत आणत नाहीत. ते सहा-आठ पिल्लं आणून वाढवतात आणि त्यांचं त्यांना जमवू देतात. एकदा जमलं की ते दोघं टाकीतला चांगला कोपरा बळकावतात आणि इतरांना दुसऱ्या टोकाला पिटाळतात. जोडी जमली म्हणून टाकीत आनंद झाला, असं ह्या जातीत सहसा घडत नाही.

काकूंचं लक्ष मात्र फायटरकडे गेलं होतं. फळीवर बरण्यांची रांग, प्रत्येक बरणीत एक मासा, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा काढला तर दोघं काचेवर डोकं आपटून घेतात.

"अगं बाई, एकेकटेच ठेवलेत," काकू म्हणाल्या. "ह्याची जोडी द्या हो. चार हात झाले की होतात शांत."

काकूंचं हे औषध आमच्या सोसायटीतल्या तीन तरुणांवर लागू पडलेलं आहे. फायटरवर पडत नाही. दोन नर एकत्र सोडले तर संध्याकाळपर्यंत त्या सुंदर पिसाऱ्याच्या चिंध्या होतात. नर-मादी एकत्र ठेवली तर तो आधी पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, हे दिसायला फार गोड असतं. पण अंडी घालून झाली की बायकोला हाकलतो, आणि टाकी लहान असेल, तिला जायला जागा नसेल, तर जीवही घेतो. मग खाली पडणारं एकेक अंडं तोंडात धरून पुन्हा घरट्यात ठेवतो आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत राखण करतो.

"म्हणजे बायकोला हाकलतो आणि पोरं एकटा सांभाळतो?"

"हो."

काकूंनी काकांकडे एक नजर टाकली. "निदान सांभाळतो तरी," त्या म्हणाल्या.

हा मूळचा सयामचा, म्हणजे थायलंडचा. त्या सरकारनं २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरांतल्या उथळ, कोंदट पाण्यात राहायची सवय असल्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन सरळ हवेतला श्वास घेऊ शकतो. ह्या गुणाचा मोबदला म्हणून आपण त्याला जॅमच्या बरणीत कोंडतो. बरणीत जगतो, पण राहतो म्हणवत नाही. त्याला पंधरा-वीस लिटरची स्वतःची खोली आणि शेजारी कोणी नसणं एवढं पुरतं. एकटं राहणं ज्याला मनापासून आवडतं असा प्राणी असू शकतो, हे पटवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काका दुसऱ्या टाकीपाशी पोहोचले होते.

तिथे गप्पी होते. गप्पी माशांना आपल्याकडे ओळख करून द्यावी लागत नाही. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे वाक्य आपण आरोग्य केंद्राच्या भिंतीवर इतक्या वेळा वाचलेलं असतं की गप्पी हा मासा नसून आरोग्य खात्याचा कर्मचारी आहे असं वाटावं. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा हा गृहस्थ डासांच्या अळ्या खातो म्हणून जगभर बदलीवर पाठवला गेला आणि जिथे गेला तिथे कायम झाला. "ह्याची तरी जोडी चालेल ना?" काकांनी विचारलं.

जोडी इथेही चालत नाही. गप्पीचा नर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत मादीच्या मागे असतो. दुसरं काम नाही, छंद नाही. मादी एकच असली तर तिचा दम लागून जीव जायची वेळ येते. म्हणून जाणकार एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवायला सांगतात. हे मी सांगितलं तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच मत्स्यशास्त्राबद्दल आस्था दिसली. "म्हणजे निसर्गतःच..." एवढं ते म्हणाले, पण काकूंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

काकूंनी मग निर्वाणीचा तोडगा काढला: नर नकोच, फक्त माद्या न्यायच्या. पण दुकानातली गप्पीची मादी एकटी आणली तरी भरल्या ओटीनं येते. एकदा आलेला संबंध ती कित्येक महिने पोटात जपून ठेवू शकते आणि साधारण महिन्याला एक असं वेत घालत राहते. एका वेतात वीस-तीस पिल्लं. ती सगळी जगली तर काकांना फ्लॅट विकून मत्स्यबीज केंद्र काढावं लागेल. जगत नाहीत, कारण पिल्लं दिसली की आईबाप ती खातात. ही माहिती मी नातीसमोर द्यायला नको होती असं काकूंचं मत पडलं. नातीनं मात्र फक्त "सगळी?" असं विचारलं, आणि "लपलेली वाचतात" हे उत्तर तिला पुरलं.

काही मासे घोळक्याचे असतात. निऑन टेट्रा, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळी रेघ नि शेपटीकडे लाल. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या चहाच्या रंगाच्या पाण्यात ते झुंडीनं राहतात. दोनच आणले तर भेदरून एका पानामागे उभे राहतात, रंग फिका पडतो, खाणं सुटतं. किमान सहा हवेत, दहा असले तर उत्तम. पण "सहा घ्या" म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानदाराशी माझं साटंलोटं आहे. "सहाही सारखेच? मग बघायचं काय?" असा प्रश्न येतो. टायगर बार्बचं तर आणखी निराळं. तो शेजाऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, लांब झालरीवाल्यांच्या विशेषतः. त्यावर उपाय काय, तर त्याचे भाऊबंद वाढवायचे. आठ-दहा झाले की त्यांची आपसांतली भांडणं इतकी होतात की बाहेरच्यांच्या वाट्याला जायला सवड उरत नाही. महाराष्ट्रात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

स्वभावाचं असं आहे. पण स्वभावाच्याही आधी तोंडाचं माप बघायचं असतं. मासा शाकाहारी की मांसाहारी, शांत की तापट, ह्या नंतरच्या गोष्टी; ज्याच्या तोंडात जो मावतो, त्याला तो आज ना उद्या खातो. दुकानात एंजलफिश आणि निऑन एकाच टाकीत गुण्यागोविंदानं फिरत असतात, कारण एंजल अजून रुपयाएवढा असतो. तो तळहाताएवढा झाला की एकेक निऑन कमी व्हायला लागतो, आणि घरातले लोक मोलकरणीवर नाहीतर मांजरावर संशय घेतात. ऑस्करची गोष्ट तर विचारूच नका. दोन इंचांचा, मोठ्या डोळ्यांचा, बोट दाखवलं की मागे येणारा, कुत्र्याच्या पिल्लासारखा जीव लावणारा. वर्षभरात तो फूटभर होतो, आणि तेव्हा टाकीत तो आणि तुम्ही असे दोघंच उरता.

इथे काकांचा पक्ष पुढे आला. त्यांना एका वास्तुतज्ज्ञानं सांगितलं होतं: आठ सोनेरी, एक काळा. नऊ गोल्डफिश, ईशान्येला. काळा मासा मेला तर समजायचं, घरावर येणारं संकट त्यानं अंगावर घेतलं. लगेच दुसरा काळा आणायचा. माशांच्या व्यापाराला इतकं सोयीचं अध्यात्म दुसरं नसेल. माल खराब निघाला की गिऱ्हाईक तक्रार न करता हात जोडतं आणि पुन्हा खरेदी करतं.

संकट असतं हे खरं. त्याचं नाव अमोनिया. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो सोडत राहतो, आणि पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असलं तरी तो त्यात असतोच. गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लं की पुढे ढकलायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग, त्यामुळे घाणीच्या बाबतीत तो इतरांना ऐकत नाही. टाकी जुनी झाली की फिल्टरच्या स्पंजवर एक प्रकारचे जिवाणू वस्तीला येतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते पाणी थोडं थोडं बदलून काढता येतं. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे टाकी, खडी, प्लास्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा सांगाडा आणि नऊ मासे एकाच रिक्षातून, एकाच संध्याकाळी घरी येतात. मग आठवड्याभरात काळा जातो, त्याच्या पाठोपाठ सोनेरी. घरावर एवढी संकटं एकदम कुठून आली म्हणून मंडळी शांत करून घेतात. शिवाय गोल्डफिश थंड पाण्याचा; मे महिन्यातली मुंबई त्याला मानवत नाही, आणि टेट्राला जी ऊब लागते ती ह्याला सोसत नाही. दोघांना एका टाकीत घालणं म्हणजे एकाला शाल आणि दुसऱ्याला पंखा.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "मग घाण साफ करायला तो क्लीनर घेऊ की."

क्लीनर म्हणजे सकर. काळपट, खवल्याखवल्यांचा, काचेला तोंड चिकटवून बसणारा. दुकानदार त्याला प्रत्येक टाकीबरोबर जवळजवळ आहेर म्हणून देतो. लहानपणी तो काचेवरचं शेवाळ खातो हे कबूल. पण तो घाण खातो ही लोकांची समजूत आहे. तो जेवढं साफ करतो त्याहून जास्त मागे सोडतो, लांबच लांब दोरे. आणि तो वाढतो. फूटभर, दीड फूट. दोन फुटी टाकीत दीड फुटी सफाई कामगार वळायचं म्हटलं तर खडी, झाडं, सांगाडा सगळं उलथं करतो. मग एक दिवस कुटुंब त्याला बादलीत घालून तलावावर किंवा नदीवर जातं आणि एका मुक्या जीवाला सोडवल्याचं पुण्य घेऊन परततं. तो दक्षिण अमेरिकेचा आहे, त्याचं अंग चिलखतासारखं आहे आणि इथल्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कोणी नाही. केरळ-आंध्रापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत तो कोळ्यांच्या जाळ्यात यायला लागलाय. त्याला बाजारात कोणी विचारत नाही आणि त्याचे काटे जाळी फाडतात. आपल्या पुण्याचं बिल असं परस्पर कोळ्यांच्या नावावर फाटतं. माझं ह्याबाबतीत मत कडक आहे: सकर नको, आणि आधीच आणला असेल तर मोठी टाकी घ्या किंवा दुकानात परत द्या, पण नदी दाखवू नका.

हेच कासवाचं. कानामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू नातीला हवं होतं. ते अमेरिकेतलं, आपल्याकडच्या कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच असल्यामुळे बाजारानं परदेशी सून शोधली. ते डबीच्या झाकणाएवढं असताना विकतात आणि ते थाळीएवढं होतं. वीस वर्षं सहज जगतं, टाकीतले मासे खातं, आणि त्याला पाण्याबाहेर येऊन उन्हात बसायला जागा लागते. घरात कासव असणं शुभ, असं काका म्हणाले. मी पितळी कासव सुचवलं. त्याला खायला लागत नाही, आणि वास्तुतज्ज्ञांचीही हरकत नसते.

पाण्याबद्दलही एक बोलायला हवं, कारण ते कोणी विचारतच नाही. मुंबईला तलावांचं पावसाचं पाणी येतं, ते मऊ. निऑनला ते रुचतं. काकूंची बहीण जिथे राहते तिथे बोअरचं पाणी आहे, ज्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. तिथे गप्पी आणि मॉली मजेत राहतात, निऑन कुढत बसतात. त्यामुळे "माझ्या बहिणीकडे सगळे छान आहेत" हा पुरावा दुसऱ्या गावात ग्राह्य धरता येत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं तेही मारायला हवं, दुकानात त्यावरच्या औषधाच्या बाटल्या मिळतात. ही एक वस्तू मात्र दुकानदार द्यायची विसरतो.

नातीनं शेवटी तिचा हुकूम टाकला. नीमो. २००३ साली तो चित्रपट आला तेव्हा हिची आई शाळेत असेल, पण नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या त्या माशाची मागणी काही ओसरत नाही. तो समुद्रातला आहे म्हटल्यावर काका म्हणाले, "मीठ टाकू. घरात खडेमीठ आहे." लिटरला साधारण ३५ ग्रॅम ह्या हिशेबानं त्यांच्या टाकीला पावणेदोन किलो लागेल, हा आकडा ऐकूनही ते डगमगले नाहीत. समुद्र म्हणजे नुसतं मीठ नव्हे, त्याचं वेगळं मिश्रण मिळतं, वेगळे फिल्टर लागतात आणि खर्च गोड्या पाण्याच्या कित्येक पट होतो, हे ऐकल्यावर डगमगले.

खरं तर हा एकच मासा असा, ज्याची जोडी डोळे झाकून मागावी. ह्या जातीत सगळे आधी नर असतात. दोन लहान एकत्र ठेवले की त्यातला दांडगा मादी होतो आणि दुसरा नर राहतो. पुढे मादी गेली तर नर तिची जागा घेतो आणि स्वतःच मादी होतो. चित्रपटात नीमोची आई सुरुवातीलाच जाते; म्हणजे शास्त्राप्रमाणे पाहिलं तर समुद्र पालथा घालून पोराला शोधणारे ते वडील अर्ध्या वाटेवर आई व्हायला हवे होते. हे मी नातीला सांगितलं नाही. काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

शेवटी तह झाला. टाकी आधी रिकामीच चालवायची, जिवाणूंना बिऱ्हाड करू द्यायचं, मग दहा निऑन आणि तळाला कोरीडोरास नावाचे मिशीवाले सहा. हे सहा जण वाळूत नाक खुपसून पडलेलं अन्न वेचतात, कोणाच्या अध्यातमध्यात नाहीत. वास्तुतज्ज्ञाला काय सांगायचं ते काका बघून घेणार होते. जिवंत पाणवनस्पतीच्या दोन काड्या मी माझ्या पैशानं घेऊन दिल्या, त्या प्लास्टिकच्या झाडापेक्षा बऱ्या म्हणून.

आता टाकी छान चालली आहे. मासे सगळे आहेत. पण त्या दोन काड्यांवरून एक इवलीशी गोगलगाय आली, आणि काचेवर मोहरीएवढ्या गोगलगायी जिकडेतिकडे झाल्या. काकूंनी मला बोलावून विचारलं, "हिची जोडी कोणी आणली?" कोणीच नाही. ती नर आणि मादी दोन्ही आहे, गरज पडली तर एकटीचं भागवते, आणि टाकीत उरलेलं अन्न जेवढं, तेवढा तिचा वंश वाढतो. अन्न भरपूर उरत होतं, कारण सकाळी काका घालत, शाळेतून आल्यावर नात घाले, आणि दुपारी एकट्या असताना "हे काही खात नाहीत" म्हणून काकू घालत. दाणे दिवसातून एकदाच, चिमूटभर, असा नियम झाला. आणि गोगलगायी काढायला रात्री काकडीची एक फोड टाकायची, सकाळी ती त्यांच्यासकट उचलायची.

काकू हे मनापासून करतात. कडू नाही ना, हे आधी स्वतः चाखून मगच फोड टाकतात, सोलूनही देतात. काकांचं म्हणणं, हल्ली घरात कोशिंबीर मुळ्याचीच होते.